टॅगची गाठ

४ फेब्रुवारी

आज माझ्या हातून पाप झालं. दुसरा शब्द नाही!

परत आलेला कपडा मी आधी काखेत हुंगते, मग कॉलर बघते, मग टॅग. एकदा घालून मिरवलेला कपडा परत घ्यायचा नाही, हा दुकानाचा नियम. आज लेकीची मैत्रीण निळा ड्रेस घेऊन काउंटरवर आली. "काकू, मापात बसला नाही." डोळ्याला डोळा भिडवेना. वास नव्हता, पण टॅग काढून पुन्हा शिवलेला — आणि गाठ डावखुरी. आमच्या घरच्या बाईसाहेबांची, लेकीचीच! मी बघितलं, आणि शिक्का मारून पैसे परत दिले.

५ फेब्रुवारी

लेकीला विचारलं. सोळा वर्षांची बया, तोंड वर करून म्हणते, "मामाने वाढदिवसाला दिलेलेच पैसे. त्यात चार ड्रेस घालून झाले, आई! पैसे आहेत तसे आहेत."

ही लबाडी आहे, म्हटलं. तर म्हणे, "पार्टीला सगळ्याजणी नव्यात, नि मी एकटी त्याच त्या ड्रेसमध्ये. तू जाऊन बघ एकदा."

हात उगारला होता. खाली घेतला — बरं झालं.

६ फेब्रुवारी

अबोला. दोघी आपापलं ताट घेऊन वेगळ्या खोल्यांत.

९ फेब्रुवारी

मॅनेजरसाहेबांनी निळा ड्रेस टेबलावर टाकला. गळ्याला आतून पावडरीचा डाग. "हा कुणी पास केला?" मी. "तुमची नजर कधी चुकत नाही हो!" चुकली, म्हटलं.

आठ वर्षांत पहिली ताकीद, तीही लेखी. पुन्हा असं झालं तर घरी बसायचं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकीचा संताप आला, आणि तिचं नाव तोंडून गेलं नाही याचं बरंही वाटलं.

१० फेब्रुवारी

ताकिदीचा कागद तिच्यापुढे ठेवला. वाचला, आणि रडायलाच लागली. "माझं नाव का नाही सांगितलंस?" अगं, आई आहे ना मी!

मग म्हटलं, एवढंच सांग, टॅग शिवायचं हे डोकं कुणाचं? त्या मैत्रिणीचं ना? ती कागदाची घडी घालत राहिली.

११ फेब्रुवारी

सकाळी वेणी घालताना, माझ्याकडे पाठ करून बोलली. "दुकानात तुझी मुलाखत होती बघ. तो करडा कोट. घरी येऊन, तो परत करायला तू टॅग पुन्हा शिवत होतीस, आणि सुई मी ओवून दिली होती."

आठ वर्षांची होती तेव्हा. "माझी हुशार बाई ती!" म्हणाले होते मी.