राक्षसिणीने मोजायचे घाव

आई,

तू उठायच्या आत निघतेय, कारण तोंडभर हिरवा रंग फासायलाच तास जातो. बेसिनमधला डाग त्याचाच आहे, घासत बसू नकोस, आल्यावर मी काढते. तुझी जुनी काळी शाल नेलीय. ती फाटली तर राक्षसिणीला शोभूनच दिसेल.

आमच्या या लुटुपुटुच्या लढाईच्या खेळात मला कधी राणी का करत नाहीत, असं तू दरवेळी विचारतेस. अगं, राणीला दिवसभर खुर्चीवर ताटकळत बसावं लागतं. मला रानात गळा फाडून ओरडता येतं, मोठमोठे बाप्ये घाबरून पळतात आणि शेवटी मी मेले की गवतात मस्त पडून राहता येतं.

दादा सांगायच्या आधी माझ्याकडूनच ऐक. आजच्या खेळात मला मारणारा सरदार तोच आहे, साखरपुडा मोडून गेलेला. खेळ घेणाऱ्यांनी विचारलं होतं, बदलू का म्हणून. मीच नको म्हटलं. दादाला तिकडे धाडू नकोस आणि त्याच्या आईला फोन तर मुळीच करू नकोस.

तलवारी फोमच्या असतात, लागत नाही. शिवाय आमचा नियम असा की किती घाव बसले ते राक्षसानेच मोजायचं आणि ठरलेले पुरे झाले की आपणहून पडायचं. समोरच्याला बरं वाटावं म्हणून मी नेहमी जरा आधीच पडते.

आज मात्र शेवटच्या घावापर्यंत मोजणार आहे. जेवायला माझ्यासाठी थांबू नकोस.

ठकी