चाफ्याखालची माती

आई, तुझ्या हातांना ओल्या मातीचा वास यायचा, असं मी सभांमधून कितीदा तरी सांगितलं आहे. ते खरं नाही. तुझ्या हातांना लाल साबणाचा वास यायचा, कारण प्रयोगशाळेतून निघताना तू कोपरापर्यंत हात धुवायचीस आणि घरी आल्यावर, स्वयंपाकाला लागण्याआधी, पुन्हा एकदा धुवायचीस. लोकांना मात्र मातीचा वास आवडतो. ते वाक्य आलं की समोरची गर्दी जरा शांत होते आणि मला पुढचं कडक बोलायला वाट मिळते. तू जाऊन इतकी वर्षं झाली, आता तुला हे सांगायला हरकत नाही. तसंही माझं भाषण तू एकदाच ऐकलंस, आणि त्याबद्दल जे बोललीस ते मी अजून पुरतं पचवलेलं नाही.

परळची तुझी ती प्रयोगशाळा मला अजून दिसते. शनिवारी शाळा सुटली की मी तिथे येते. उंच खिडक्या, खिडकीशी ओळीने उभ्या काचेच्या नळ्या, त्यांत पाण्यात ढवळून ठेवलेली माती. वाळू लगेच तळाला बसते, गाळ सावकाश बसतो, आणि चिकणमाती संध्याकाळपर्यंत पाणी गढूळ करत वरच राहते. "हात लावायचा नाही, नुसतं बघायचं," तू म्हणतेस. नुसतं बघणं मला कधीच जमलं नाही. राज्यभरातून कापडी पिशव्यांत नमुने यायचे. प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी: गाव कुठलं, जमीन उताराची की सपाट, माती किती खोलीवरची, वर काय उगवलं आहे, नमुना कोणी घेतला. चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहायची, कारण ओल्या मातीत शाई पसरते. चिठ्ठी हरवलेली पिशवी आली की तू ती सरळ बाजूला ठेवायचीस. "कुठून आली तेच माहीत नसेल तर ती माती नव्हे, केर," म्हणायचीस. मला ते तेव्हा फार निष्ठुर वाटायचं.

माती तू मला शिकवलीस ती मात्र चाळीतल्या आपल्या स्वयंपाकघरात, कणीक मळता मळता. कणकेची पट्टी करून ती दोन बोटांतून हळूहळू खाली सोडायचीस. ओल्या मातीचीही अशी न तुटता जितकी लांब पट्टी निघेल तितकी तिच्यात चिकणमाती जास्त. बाबा दारातून विचारायचे, "आज पोळ्या मिळणार आहेत की रिपोर्ट?" आणि तू न हसता म्हणायचीस, "आधी रिपोर्ट." एकट्या मातीला विचारून तिचा प्रकार कळत नाही, तिघांना विचारावं लागतं, हे मी तिथेच ऐकलं. तिच्यात काय काय आहे ते प्रयोगशाळा सांगते. त्यातलं काय टिकायला हवं होतं आणि काय वाहून जायला हवं होतं, ते तिथला पाऊस आणि ऊन सांगतं. आणि कुठून आलं, कुठे गेलं, ते जमिनीचा उतार सांगतो. तिघांचं जुळलं तरच नाव द्यायचं, नाहीतर गप्प बसायचं. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना खाली तोच काळा दगड, तू सांगायचीस, पण घाटावर पाऊस कमी, म्हणून तिथे त्याची काळी माती झाली, चुना धरून बसलेली. कोकणात पावसाने सगळं धुऊन नेलं, चुनासुद्धा, मागे राहिलं ते लोखंड. म्हणून ती तांबडी.

हे मी उचललं. काळाचौकीच्या मैदानात माझं पहिलं मोठं भाषण झालं, तेव्हा जात आणि जन्म यांवर बोलताना मी आवाज चढवून म्हणाले, दगड एकच आहे, पाऊस वेगळा पडला म्हणून माती वेगळी झाली, मग माणसाला जन्मावरून जोखणारे तुम्ही कोण? मैदान उठून उभं राहिलं. तू मागच्या रांगेत, पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होतीस. सभा संपल्यावर आपण चालत घरी निघालो. मग म्हणालीस, "टाळ्या चांगल्या मिळाल्या."

"पण?" मी विचारलं.

"उतार विसरलीस. एकाच पावसात टेकडीवरची माती वेगळी, पायथ्याची वेगळी. वरून जे जे धुपतं ते खालच्याच्या दारात येऊन साचतं. ते सांगितलं असतंस तर भाषण झालं असतं. नुसता पाऊस सांगितलास, ती कविता झाली."

मी रागाने तुझ्या पुढे चालू लागले. तू भाजीवाल्यापाशी थांबलीस आणि मागून हाक मारून विचारलंस, "मेथी घेऊ का गं?" त्यानंतर मी आयुष्यभर उतारावर बोलत आले, वरचे कोण आणि खालचे कोण यावर. तू पुन्हा ऐकायला आली नाहीस.

आता आपली चाळ पडणार आहे. येत्या गणपतीनंतर चाव्या द्यायच्या, मग जो तो पांगणार, आणि टॉवर उभा राहिला की परत यायचं. टॉवरला खाली पार्किंगचे मजले आणि त्यांच्या छतावर बाग असणार आहे. करारातल्या एकेका कलमासाठी मी भांडले आहे. गिरण्यांच्या भोंग्यावर ज्यांची आयुष्यं बेतली त्यांच्या नातवंडांना याच जागी घर मिळालं पाहिजे, यात दयेचा प्रश्न नाही, हक्काचा आहे, आणि हे मी ज्यांना ऐकवायचं त्यांना त्यांच्या एसी केबिनमध्ये जाऊन ऐकवलं आहे. चाळीतली माणसं माझ्या शब्दावर सह्या करतात. म्हणून जे झालं ते मला लागलं. मे महिन्यात मंडळाची सभा होती, चाळीतला शेवटचा गणपती कसा करायचा यावर. मी उठले आणि बोलून गेले की यंदाची मूर्ती परराज्यातून आलेल्या शाडूची नको, आपल्या चौकातल्या, चाफ्याखालच्या मातीची करू. आपलीच माती, बाहेरची चिमूटभरही नको. खालच्या मजल्यावरच्या काकींनी डोळ्यांना पदर लावला. ठराव तिथेच झाला.

दोन घमेली माती लालबागला आपल्या मूर्तिकारांच्या शेडमध्ये गेली. त्यांच्या वडिलांपासून आपली मूर्ती त्यांच्याकडेच होते. त्यांनी ती भिजवली, तिंबली, गोळा केला, आणि गोळा त्यांच्या हातातच भुगा होऊन पडला. "बाये, भाषण बरा झाला," ते मला म्हणाले, "पण ही माती हातात रवत नाय." मग आजूबाजूला बघून हळूच, "शाडूचीच करतंय. तुझी वायच वरसून लावतंय. कोणाक कळाचा नाय." मंडळाचा अध्यक्ष माझ्याबरोबर होता. हा आपल्या समोरच्या खोलीतला, तू ज्याला पाढे शिकवलेस तो. तो म्हणाला, "ताई, करू दे ना त्यांना तसंच. बॅनर छापून आलाय. आपल्या मातीचा बाप्पा, एवढ्या मोठ्या अक्षरात. खाली तुमचा फोटो."

"माझा फोटो कशाला?"

"वाक्य तुमचं ना?"

मी दोघांना म्हणाले, बघते. जिला बोलण्यावरच जगायचं आहे, तिला "बघते" म्हणायला लागणं किती जड जातं, ते तुला मी काय सांगू. दोन रस्ते होते. वरून लेप दिलेली मूर्ती मांडवात बसवायची आणि अकरा दिवस तिच्यापुढे हात जोडायचे, नाहीतर काकींना जाऊन सांगायचं की मी काहीही माहीत नसताना बोलले. ते सांगायचं तर निदान खरं काय आहे तेवढं तरी कळायला हवं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी खुरपं घेऊन चाफ्याखाली बसले. वरचा पाचोळा बाजूला केला, वीतभर खड्डा घेतला, तू शिकवलंस तशी त्याच्या भिंतीवरून वरपासून खालपर्यंत एकसारखी माती खरवडली, पिशवीत भरली आणि पेन्सिलीने चिठ्ठी लिहिली. दादरच्या एका खासगी प्रयोगशाळेत दिली. चार दिवसांनी तिथल्या मुलीचा फोन आला. "मॅडम, सॉरी हां, पण तुमच्याकडून पिशवी बदलली का? चिठ्ठीवर चाळीचा चौक लिहिलंय. हा नमुना बीचवरचा वाटतोय. वाळूच वाळू आहे, आणि ॲसिड टाकलं तर केवढं फसफसतंय."

पिशवी बदलली नव्हती. मी पुन्हा माती आणली, काचेच्या बरणीत पाण्यात ढवळून ओट्यावर ठेवली आणि या वेळी हात न लावता नुसती बघत बसले. वाळू खाली बसली आणि तिच्यात शिंपल्यांचे बारीक पांढरे तुकडे चमकले. व्हिनेगर टाकलं तर खरंच फेस आला. चुना. मग मी पावसाला विचारलं. आपल्याकडच्या पावसात वीतभर मातीत इतका चुना टिकतोच कसा? तो केव्हाच विरून निघून जायला हवा होता. टिकला असेल तर कोणीतरी दर वर्षी नव्याने घालत असलं पाहिजे. आणि मग, या वेळी न विसरता, उताराला विचारलं. आपला चौक भराव घालून केलेला, खाली तांबडा मुरूम, समुद्र कितीतरी लांब आणि खाली. लाट इथवर चढत नाही. शिंपले मुरमाखाली, भराव घालण्याआधीच्या जमिनीत, सापडले असते तर समजलं असतं. मुरमाच्या वर समुद्राची वाळू स्वतःच्या पायांनी येत नाही.

आई, मला आधी तुझा पाठमोरा आकारच आठवला. विसर्जन करून बाबा गिरगाव चौपाटीवरून येतात. डोक्यावर रिकामा पाट, पाटावर ओंजळभर ओली रेती. तू दारात त्यांच्या पायांवर पाणी घालतेस. चिमूटभर रेती तांदळाच्या डब्यात, चिमूटभर खोलीच्या चारही कोपऱ्यांत, आणि उरलेली घेऊन तू खाली उतरतेस, ती पायाखाली येऊ नये म्हणून चाफ्याच्या बुंध्याशी ठेवतेस. वरच्या मजल्यावरच्या बायका, खालच्या, समोरच्या, सगळ्याच आपापली ओंजळ तिथे रिती करत असतात. मी तुझ्या मागे उभी, शनिवारची सगळी अक्कल घेऊन. "हिला चिठ्ठी नाही लावायची?" मी तुला चिडवते. तू हात झटकतेस. "हिला नको. ही कुठून आली ते सगळ्यांना माहीत आहे."

रविवारी चौकात सभा घेतली. खरं सांगते, एक वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. ही मातीही आपल्यासारखीच, बाहेरून येऊन इथली झालेली. टाळ्यांचा पाऊस पडला असता, आणि तू मागच्या रांगेत पर्स घट्ट धरली असतीस. मी ते गिळलं. एवढंच म्हणाले की या मातीची मूर्ती होणार नाही. तिच्यात सगळी रेती आहे, आणि ती रेती आपल्याच घरांतून, मूर्ती पोचवून आल्यावर, ओंजळी-ओंजळीने इथे आली आहे. दर वर्षीच्या बाप्पाने तिला बाप्पा होण्यालायक ठेवलेलं नाही. बाहेरची चिमूटभरही नको असं मी म्हणाले, ते न तपासता म्हणाले. मूर्ती शाडूचीच होईल आणि तसं सांगूनच होईल.

कोणी टाळी वाजवली नाही. मग काकी म्हणाल्या, "अगो, ह्या तपासूक परीक्षा कशाक व्हयी? माका विचारूचा ना! तू भाषणा करीत फिरलंस, रेती टाकली ती आम्ही." सगळा चौक हसला, मीही. त्या हसण्यातच पहिल्या मजल्यावरच्या एका घरातल्या सुनेने विचारलं, "पण मग काकी, पुढच्या वर्षीपासून ती रेती टाकायची कुठे? टॉवरमध्ये?" हसणं थांबलं. सगळे सवयीने माझ्याकडे बघू लागले. मी म्हणाले, माहीत नाही. माईकवर हे शब्द मी पहिल्यांदाच उच्चारले, आणि आभाळ कोसळलं नाही. अध्यक्षाने बॅनर स्वतः उतरवला. आता तो उलटा करून मंडपाच्या सामानावर ताडपत्रीसारखा घातला आहे. माझा फोटो आतल्या बाजूला, भांड्यांकडे तोंड करून.

त्या दिवसापासून लोक येता-जाता चाफ्याखालची थोडी थोडी माती नेत आहेत. कोणी कुंडीत, कोणी डब्यात, काकींनी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत. कोणी विरारला जाणार, कोणी कल्याणला, काकी लेकीकडे. मीही तीच ओट्यावरची बरणी निथळून, वाळवून, भरून फळीवर ठेवली आहे. फळीला थोडा उतार आहे, बरणी डगमगते, म्हणून हे पत्र घडी करून तिच्याखाली सरकवणार आहे.

हिला चिठ्ठी नको, असं तू म्हणाली होतीस. पण ते, सगळे एका चौकात राहत होते तोवर. म्हणून मी चिठ्ठी केली. ठिकाण लिहिलं, माती किती खोलवरची ते लिहिलं, वर चाफा लिहिला. नमुना घेणारी म्हणून आधी तुझं नाव लिहिलं, खाली माझं. फक्त मातीचा प्रकार लिहायचा तिथे अडले. तिघांचं जुळलं होतं, पण तुझ्या कुठल्याच तक्त्यात ती बसेना. शेवटी मी तिथे "ओंजळीची" असं लिहिलं आहे. ही कविता झाली, मला कळतं. पेन्सिलीने लिहिलं आहे.