भगवानरावांचा राक्षस

२ जुलै

परत तोच आवाज. रिकाम्या पिंपावर कोणी उडी मारावी तसा. स्वयंपाकघरापर्यंत येतो. भगवानराव फोनवर जपानी मालिका बघतात. त्यात एक माणूस वाढतो. दुसरीकडून राक्षस येतो. मग मारामारी.

वयाच्या चौपन्नाव्या वर्षी!

(कागदावर नवऱ्याचं नाव घेते. तोंडाने अजून जमलेलं नाही.)

४ जुलै

कारण लिहून ठेवते, म्हणजे चीड कमी होईल.

हिवाळ्यात ग्रामपंचायतीची निवडणूक झाली. भगवानराव आपल्याच वॉर्डातून मेंबरकीला उभे राहिले आणि पडले. वॉर्ड म्हणजे ही आळी. ज्यांच्या लग्नात पंगती वाढल्या, ज्यांना दवाखान्यात नेलं, तीच माणसं. तेव्हापासून घराबाहेर पाऊल नाही. शेत बटईनं, अर्ध्या वाट्यावर दिलं. दाढी करायला न्हावी घरी येतो, तोही दुसऱ्या वॉर्डातला. समोरच्या डोंगरसिंगबरोबर रोज चौकात चहा व्हायचा. आता त्या बाजूची खिडकीही बंद.

"कोणं मत देल्लं नाही हे समजल्याशिवाय मी रामराम कोणाले घालू?"

मराठीची मास्तरीण असले तरी मी पेपरात याहून सोपे प्रश्न काढते.

९ जुलै

मालिकेची खालची अक्षरं इंग्रजी. त्यांना भरभर वाचता येत नाहीत.

"अवं, हा काय म्हणून राह्यला?"

पोळी लाटता लाटता वाचलं. "जा, म्हणतोय."

"एवढा वेळ बोलला अन् नुसतं जा?"

"बाकी विशेषणं होती."

हसले! निवडणुकीनंतर पहिल्यांदा.

१० जुलै

आज पोळ्या आधीच उरकल्या.

१३ जुलै, रविवार

नायकाचं नाव तेन्झान. एरवी हवामान खात्यात कारकून. त्याचे अंदाज चुकतात, साहेब ओरडतो. संकट आलं की छत्रीची मूठ पिळतो आणि आपल्या गावच्या पाण्याच्या टाकीएवढा होतो. अंग निळं, छाती पितळी. मोठा झाल्यावर बोलत नाही. एक शब्द नाही. मला त्याच्याविषयी आदर वाटू लागला आहे.

हे वाक्य खोडावं का? — राहू दे.

राक्षस दर भागात नवा. आत माणूस असतो, पाठीवरची चेन दिसते. इमारती पुठ्ठ्याच्या. लपवायची धडपडच नाही. साहित्यात आम्ही जन्मभर ती चेन लपवत असतो.

भगवानरावांच्या शंका वेगळ्या. "दर आठवड्याले गाव पडते. पंचनामे कोण करते? मदत कधी भेटते?"

पुढच्या भागात शहर जागच्या जागी उभं.

"तलाठी चांगला असन," म्हणाले.

२० जुलै

भांडण. मी तेन्झानच्या बाजूने, ते राक्षसाच्या.

"त्यानं पूल तोडला," मी म्हटलं.

"तोडला असन. पण त्याच्या बाजूनं अख्ख्या गावात एक मत नाही, हे पाह्यलं का तू?"

 ते काय बघताहेत हे मला आज कळलं.

३ ऑगस्ट

आजचा राक्षस डोंगराखाली झोपलेला. लोकांनी बोगदा खणला, त्याची झोप मोडली. त्याला फक्त कूस बदलायची होती. तेवढ्यात शहर कोसळलं. तेन्झानने त्याला मारलं नाही. शेजारी बसला आणि मांडी दिली.

रडले. कांदा चिरत नव्हते.

"कायले रडतं? पुढच्या भागात परत येते तो."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

पाहिला होता! एकट्याने! एकत्र बघायचं ठरलेलं असताना! जेवताना एक शब्द बोलले नाही. तेन्झानसारखी.

६ ऑगस्ट

वर्गात कवितेतलं मौन शिकवत होते. उदाहरण देताना तोंडातून तेन्झान निघून गेला. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमी पण?"

पण!

१० ऑगस्ट

बशीरभाई तीन घरं पलीकडे राहतात, गाद्या भरतात. मतदारयादीत त्यांचं नाव चुकून भलत्याच वॉर्डात पडलं आहे, म्हणून त्यांना या घरात प्रवेश आहे. हल्ली मागच्या दाराने येऊन तेही तेन्झान बघतात. आज राक्षसाकडे बघत म्हणाले, "भगवानभाऊ, हा काय आहे? दोन गाद्या अन् एक ताडपत्री. आपण करू."

"करून?"

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याले घाला. पोट्टे लाकडाचे बैल सजवून आणतात, तुमी राक्षस बनून जा. आतमंधी कोण आहे, कोणाच्या बापाले समजत नाही!"

भगवानरावांनी चित्र थांबवलं, राक्षस बोटांनी मोठा करून पाहिला. मग म्हणाले, "शेपूट पाह्यजे."

बाहेर पडायला तयार झाले. गादीत शिरून का होईना!

१७ ऑगस्ट

घरभर कापूस. भाजीत कापूस. बशीरभाई सुईने काम करतात, भगवानराव तोंडाने.

मी सुचवलं, शिंग एकच पुरे. दोन लावली की अलंकार होतो.

"हे बैलाले सांगा, मॅडम," बशीरभाई म्हणाले.

दोन लावली.

२२ ऑगस्ट, पोळा

बैल वाजतगाजत दारावरून गेले. भगवानराव खिडकीच्या फटीतून बघत होते. डोंगरसिंगची जोडी दारात क्षणभर थांबली. कोणी बाहेर आलं नाही तशी पुढे गेली. रीतीप्रमाणे दाराशी पळसाची फांदी रोवली ती मीच. इकडे तिला मेढा म्हणतात.

बशीरभाईंची बायको हजराबी पुरणपोळी न्यायला आली. "उद्या भाऊ निघतेत ना?"

"निघतात."

आतून खिडकीची फट बंद झाली.

२३ ऑगस्ट, पोळ्याची कर

 क्रमाने लिहिते.

पोशाख अंगावर असतानाच शेपूट टाचायचं होतं. म्हणून सकाळी राक्षस घालून बशीरभाईंकडे जायचं ठरलं होतं. पुढच्या दाराने, कारण मागच्या दारात राक्षस मावत नाही. भगवानराव लवकर उठले, आंघोळ केली, आणि पोशाखासमोर बसून राहिले. चहा निवला.

"मले नाही जमत," म्हणाले. "बशीरले म्हणा, उसवून टाक. गाद्या कर."

समजूत घालावी असं वाटलं. पण समजुतीला शब्द फार लागतात. मी पोशाखात पाय घातला. मग हात. मग डोकं. "मागची चेन लावा," म्हटलं. त्यांनी लावली. का, ते त्यांनाही सांगता यायचं नाही.

"बघा, काही होत नाही," असं म्हणून दार उघडून रस्त्यावर आले.

आज मारबत आहे हे डोक्यातच नव्हतं! माझं माहेर वाईकडचं, तिकडे ही रीत नाही. लग्नानंतर दर वर्षी या वेळी मी चूल सांभाळली, नुसते आवाज ऐकले. करीच्या सकाळी दारोदारचे मेढे उपटतात. गावातली सगळी पीडा म्हणजे मारबत ही राक्षसीण, ती मेढ्यांबरोबर ओरडत शिवेबाहेर न्यायची आणि तिथे जाळायची. आमच्या आळीची गर्दी नेमकी दारासमोर होती. मी तिच्या पुढ्यात. दोन शिंगांसकट.

 मग डोंगरसिंगचा आवाज आला.

"अबे! या वर्षी तं मारबत सोताच चालत आली!"

झालं. मागून रेटा. तोंडाच्या फटीतून वीतभर रस्ता दिसत होता. आत घाम, अंधार, नाकात कापूस. मी ओरडत होते. दोन गाद्यांच्या आतून ओरडणं म्हणजे उशीत शिंकणं.

"खाशी-खोकला घेऊन जा गे मारबत!"

"सोयाबीनवरचा मोझ्याक रोग घेऊन जा गे मारबत!"

"पोट्ट्यायच्या हातातला मोबाईल घेऊन जा गे मारबत!" यावर पोट्ट्यांनी हरकत घेतलेली ऐकू आली.

मग पुन्हा डोंगरसिंग. घसा फाडून.

"भगवानभाऊचा रुसवा घेऊन जा गे मारबत!"

अख्ख्या आळीने तेच उचललं. बाया, पोट्टे, म्हातारे. एकदा ओरडून भागलं नाही, परत ओरडले. मी चालायची थांबले. आत डोळे पुसायला हात पोचत नव्हता. मागून कोणीतरी हलकेच ढकललं.

शिवेवर मेढ्यांचा ढीग. मला त्यावर बसवलं. कानाजवळ आगपेटी खुळखुळली. "लाव रे काडी!" मी पाठीला हात नेऊ लागले. राक्षसाचे हात आखूड. ते मीच सुचवलं होतं, आटोपशीर दिसावेत म्हणून!

आणि दुरून आवाज आला —

"थांबा बे! अबे थांबा! माही बायको हाये त्यात!"

भगवानराव. बनियन, लुंगी, अनवाणी. मुख्य रस्त्याने, सगळ्या वॉर्डाच्या देखत धावत. डोंगरसिंगला छातीवर धक्का दिला. "मारता काय तिले?" चेन अडकली होती. ती हिसडता हिसडता डोंगरसिंगलाच ओरडले, "पाहून काय राह्यला? धर इकून!" त्याने धरलं. चेन सुटली. मी बाहेर आले, केसभर कापूस घेऊन.

"काही होत नाही म्हणे!" हे मला.

मग त्यांनी मान वर केली. आपण कुठे उभे आहोत हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. चहूबाजूंनी आळी. कोणी हसलं नाही.

"रामराम, भाऊ," डोंगरसिंग म्हणाला.

 लुंगी सारखी केली. घसा साफ केला.

"रामराम."

मेढ्यांबरोबर राक्षसही जाळला. शिवेवर नेलेली मारबत परत आणत नाहीत म्हणे. बशीरभाईंना ताडपत्रीचं वाईट वाटलं.

संध्याकाळी भगवानराव तान्ह्या पोळ्याला गेले. तसेच, पांढऱ्या सदऱ्यात. लाकडी बैलांना नंबर द्यायला त्यांना बसवलं. सगळ्यांना पहिला नंबर देऊन आले!

२४ ऑगस्ट

हजराबी डबा परत द्यायला आली आणि ओट्याला टेकून हसत सुटली.

"मॅडम, मारबत कधी जोडवे घालते का? पायाकडं पाहूनच साऱ्यायनं वळखलं तुमाले. डोंगरसिंग म्हणे, चूप रहा, चालू द्या. जाळतो म्हटल्याबिगर भाऊ काही बाहेर येत नाही."

"आणि आगपेटी?"

"कायची आगपेटी! सुपारीची डबी हलवली त्यानं."

भाऊंना हे कधीच सांगायचं नाही, असं वॉर्डात ठरलं आहे. मीही हात वर केला.