तांबड्या खुणेच्या मेंढरांमागे

हेन्वाइन,
रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, इकडे सगळे जिवंत आहेत. दर रविवारी फोनवर बोलतो ते बोलतो, मग हिला आज कागद कुठून आठवला, असं म्हणशील. फोनवर तू मधे बोलतेस. कागदावर तुला शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागतं.

तू, मार्टिन आणि पोरं मजेत असाल. कार्डिफला म्हणे आठवडाभर ऊन होतं. इथे ऑक्टोबरात जो पाऊस लागलाय तो काही सुटायचं नाव घेत नाही. चॅपलच्या छताला पुन्हा गळती लागली आहे आणि गाणारी मंडळी बाकं सरकवून कोरड्यात उभी राहून गातात. माझं दुकान छान चाललंय. लोक चिखलाला शिव्या देतात, मी नाही देत. चिखल आहे म्हणून सायकली बिघडतात आणि सायकली बिघडतात म्हणून माझी चूल पेटते. माझा गुडघाही उत्तम आहे. तू विचारणारच होतीस.

गुडघा उत्तम आहे कशावरून, तर काल मी सायकलवरून अख्खा डोंगर ओलांडला.

आता कपाळाला हात लावू नकोस. एकटी नव्हते. डिल्विन होता, आपला पोस्टमन. अजून तसाच आहे, पोट वाढलंय आणि जीभही. आणि शोनेड नावाची एक मुलगी होती, गावात नवी आलेली दातांची डॉक्टर. सायकल इतकी महागडी की तिला चिखल लागू द्यायला मलाच कसंसं वाटत होतं. हिवाळ्यात डोंगरावर ती पहिल्यांदाच येत होती. बेत असा होता की नदीकडून जंगलाच्या रस्त्याने वर जायचं, माथ्यावरची दलदल पार करायची आणि आपल्या हेन्वाइनच्या उताराने खाली दुकानात येऊन चहा घ्यायचा.

जंगलापर्यंत सगळं गोड. जंगल संपल्यावर जुन्या गुराख्यांची वाट लागते ना, ती यंदा वाट राहिलेलीच नाही, ओढा झालाय. चढावर मागचं चाक नुसतं जागच्या जागी फिरत होतं. माथ्यावर गवताचे ते डोक्याएवढे ठोंब, त्यांच्या मधे काळं पाणी. दहा हात सायकल चालवायची, वीस हात ढकलायची, मग खांद्यावर घ्यायची. साखळीत दलदलीतल्या पीट-मातीचा काळा लगदा भरला की पायडल फिरतानाच कण्हतं. ताई, तुला हे वाचूनच थकायला होईल. मला मात्र असं काही झालं की अंगात बळ येतं. शिव्या देत, घसरत, चाक उचलत मी पुढे होते आणि माझ्याइतकं सुखी माणूस त्या वेळी परगण्यात नसावं.

मी शोनेडला बजावलं होतं, "लव्हाळी दिसतील तिथे पाय टाक. हिरवंगार, मऊ, गालिच्यासारखं दिसेल तिथे चुकूनही जाऊ नकोस." आपल्याला हे चालायला शिकलो तेव्हाच शिकवलेलं. पण शहरातल्या माणसाला हिरवळ दिसली की पाय तिकडेच वळतात. ती सायकलवरून सरळ शेवाळात गेली. पुढचं चाक गडप झालं, मग ती, कमरेपर्यंत.

"नेरिस, मला तळ लागत नाहीये," ती म्हणाली. तोंड पांढरंफटक.

"लागणारही नाही. हालू नकोस. पुढे पालथी पड," मी म्हटलं. माझी सायकल आडवी टाकून तिच्यापर्यंत सरकवली. फळी नसली की सायकल चालते. ती सीटला धरून पडून राहिली, मी आणि डिल्विनने तिला काखेतून ओढली. चिखल सोडेना.

"डॉक्टरीणबाई," डिल्विन म्हणाला, "तुम्ही दात काढता तसा पाय काढा. हळूहळू हलवून."

"मी भूल देऊन काढते," ती म्हणाली, आणि तेवढ्यात पाय सुटला. एक बूट मात्र डोंगराने ठेवून घेतला.

बाहेर आली, पण थंडीने तिचे दात वाजायला लागले. माझं कोरडं जॅकेट तिला घातलं, पायाला पिशवी बांधली. आणि मग धुकं आलं. आपल्याकडे कसं येतं तुला माहीत आहे. क्षणापूर्वी समोर डोंगर असतो आणि क्षणानंतर स्वतःची बोटं शोधावी लागतात. डिल्विनचा फोन भिजून मेला होता. दोघं माझ्याकडे बघायला लागले.

"तू इथली शेतकऱ्याची पोर," डिल्विन म्हणाला. "काढ आता वाट."

इतक्यात धुक्यातून मेंढरं आली. एकामागे एक, खाली मान घालून, उताराला लागलेली. डाव्या खांद्यावर तांबडी खूण. बाबांची खूण.

"ही आमची," मी म्हटलं. "चाऱ्याची वेळ झाली आहे, घराकडे निघालीत. यांच्या मागे चला."

आणि आम्ही गेलो. उतार काय होता म्हणून सांगू. आधी सगळा खडक, मग ओढ्याच्या कडेने नागमोडी, ब्रेक जवळजवळ संपलेले, मेंढरं पुढे आणि आम्ही मागे. शोनेड एका बुटावर, थरथरत आणि हसत. धुक्याखाली उतरलो तेव्हा डिल्विन थांबला. समोर घर होतं, पण हेन्वाइन नव्हतं.

"नेरिस," तो म्हणाला, "हे ब्लाइन-वर्न आहे. आपण डोंगराच्या उलट्या बाजूला उतरलोय. तुझ्या बाबांची मेंढरं इथे काय करतात?"

हो ताई. ब्लाइन-वर्न.

बाबा गेल्यावर आपण डोंगरावरची चराई भाड्याने दिली तेव्हा तू विचारलंस, कुणी घेतली? मी म्हटलं, शेजाऱ्याने. तुला वाटलं म्हातारा मेरिग. मी तसं वाटू दिलं. घेतली ब्लाइन-वर्नच्या गेथिनने. डोंगराची मेंढरं डोंगराबरोबरच राहतात, दुसरीकडे नेली तर परत पळून येतात, त्यामुळे मेंढरंही त्याचीच झाली. पहिल्या कातरणीनंतर नव्या धन्याने आपली खूण मारायची असते. त्याने दोन वर्षं झाली तरी बाबांचीच तांबडी खूण ठेवली आहे. मी एकदा विचारलं, का रे? तर म्हणाला, "तांबड्या रंगाचा डबा उरला होता." दोन वर्षं पुरणारा डबा अजून कुठल्या दुकानात आला नाही.

आज सकाळी चॅपलमध्ये सगळे हसले मला. शेतकऱ्याची पोर, आणि खूण बघून मेंढरांमागे गेली. मेंढरू खुणेच्या मागे जात नाही, चारा घालणाऱ्याच्या मागे जातं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. मी म्हटलं, हो बाई, चुकले, धुकं होतं.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? धुकं खरं होतं. पण मेंढरं दिसली त्या क्षणी मला पक्कं माहीत होतं की ती कुठे उतरणार. डावीकडे तारेचं कुंपण होतं, ते धरून चाललं असतं की आपलं फाटक. मला कुंपण दिसलं. मी बोलले नाही. शोनेड गारठली होती आणि त्याचं घर जवळ होतं, हे कारण मी स्वतःला दिलं आणि ते खोटंही नाही. पण खरं कारण असं की मला लपवण्याचा कंटाळा आला होता.

तो फाटकात चाऱ्याची पोती घेऊन उभा होता. आम्हाला बघून काही विचारलं नाही. त्याचं तुला माहीतच आहे, वर्षाचे शब्द मोजून मिळाल्यासारखा बोलतो. शोनेडला उचलून आत शेगडीपाशी बसवली, घोंगडी दिली, मटण-बटाट्याच्या काउलचं पातेलं आचेवर ठेवलं. डिल्विन दारात उभा राहून निथळत होता. मी भिजलेले बूट काढले, मोजे काढले, आणि शेगडीच्या बाजूला ठेवलेल्या सपातांमध्ये पाय घातले.

निळ्या सपाता. मागच्या नाताळात तूच पाठवलेल्या. डाव्या पायाच्या अंगठ्यापाशी मी रफू केलेल्या.

मला कळलंच नाही मी काय केलं. मी भांडी मांडायला लागले आणि न विचारता बरोबर त्या फडताळातून वाट्या काढल्या. मागे वळले तर डिल्विन माझ्या पायांकडे बघत होता. मग त्याने गेथिनकडे बघितलं. मग पातेल्याकडे.

"काउलला वास फार छान आहे," तो म्हणाला. डिल्विन, जो गावातल्या मांजरीला पिल्लं झाली तरी दारोदार सांगतो, तो एवढंच म्हणाला.

जेवून झाल्यावर गेथिनने मेंढरांच्या गाडीत सायकली घातल्या, डिल्विनलाही त्यातच बसवलं, आणि आम्हाला डोंगर वळसा घालून घरी पोचवलं. उतरताना डिल्विनने माझ्या कानाशी येऊन तुझं विचारलं. "एलनेडला माहीत आहे?" मी मानेनेच नाही म्हटलं. तो म्हणाला, "मग लिही. सोमवारी सकाळी पेटी मीच उघडतो. पत्र तिच्या हातात पडेपर्यंत मी मुका आहे. त्यानंतरची हमी देत नाही." म्हणून ताई, घाई कर म्हणत नाही, पण हे पत्र वाचलंस की समज, उद्यापासून सगळं खोरं बोलेल. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?

आता सरळ सांगते. मी गेथिनशी लग्न करणार आहे.

तुझा नवरा होता तो. सहा वर्षं. त्या लग्नात मी तुझ्या मागे फुलं धरून उभी होते, आणि तू निघालीस त्या दिवशी तुझी पेटी बसमध्ये मीच ठेवली. त्यात काहीही विसरले नाही. तू गेलीस तेव्हा मी तुझ्या बाजूची होते आणि त्या बाबतीत आजही आहे. तुझं बरोबरच होतं. तुला तिथे गुदमरायचं. "गेथिनशी लग्न म्हणजे त्या चिखलाशी लग्न," तू म्हणालीस, आणि मी तुझ्या बाजूने सगळ्यांशी भांडले.

पण ताई, मला तो चिखल आवडतो. लहानपणापासून आवडतो. तुझ्या वाट्याला आलं ते तुला नको होतं. मला ते हवं आहे. यात मी तुझं काही घेत नाही. तू टाकलेलं उचललं, असंही गाव म्हणेल, म्हणू दे. मी त्याच्याकडे पहिल्यांदा गेले ती मेंढ्या विणायच्या दिवसांत, बाबांची मेंढरं आहेत म्हणून हात लावायला. मग हात लावायला जातच राहिले. केव्हा काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, आणि तुला सगळं सांगायचीही लाज वाटते. एवढंच सांगते, माझ्या घरी मी चहा एकटीने प्यायची सवय लावून घेतली होती, ती आता मोडली आहे.

आम्ही तारीख ठरवायला बसलो की तो दर वेळी एकच विचारतो. "एलनेडला सांगितलंस?" मी म्हणते, सांगेन. मग तो उठून कुत्र्याला जेवायला घालतो आणि विषय संपतो. एकदा मी चिडले. म्हटलं, "तिची परवानगी हवी आहे का तुला?" तो म्हणाला, "परवानगी नको. पण तिला हे दुसऱ्याच्या तोंडून कळलं, तर तुझी बहीण जाईल. माझ्यापायी तुझं एवढं जायला नको." एवढं लांब वाक्य तो लग्नातही बोलला नव्हता, खरं ना?

बाबांना मूठमाती दिली त्या दिवशी तो मागच्या बाकावर बसला होता. बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "अजून तिथेच आहे, त्याच कोटात." मी हसले. मला तेव्हा हसायला नको होतं, कारण तेव्हाच मला तो कोट ओळखीचा आणि बरा वाटायला लागला होता. रागावलीस तरी चालेल. फोन करून ओरड, मी ऐकून घेईन, मधे बोलणार नाही. फक्त गप्प बसू नकोस. तुझं गप्प बसणं मला दलदलीपेक्षा जड जातं.

तारीख मी आज ठरवली. मे महिन्याचा शेवटचा शनिवार. कोकरं झालेली असतील, कातरणी सुरू व्हायची असेल. डोंगरावरच्या माणसाला लग्नाला तेवढाच एक शनिवार मिळतो. चॅपलचं छत तोवर दुरुस्त झालं तर बरं.

दारापासून पुढच्या बाकापर्यंत मुलीला तिचे वडील नेतात. बाबा नाहीत. माझ्या माणसांत तुझ्याशिवाय दुसरं कुणी नाही, आणि मला दुसऱ्या कुणाचा हात धरायचा नाही. तू आलीस तर तुझा हात धरून जाईन. आली नाहीस तर माझ्या शेजारी तुझ्यापुरती जागा सोडून, एकटी चालत जाईन. पण जाईन.

मार्टिनला आणि पोरांना माझं प्रेम. तुला काय पाठवावं ते सुचत नाही, म्हणून हे सगळं पाठवलं.

तुझीच, त्याची झाले तरी तुझीच,
नेरिस