उलट्या फेऱ्यांचा रुमाल

बा, मार्गशीर्ष लागलाय आणि माथेरानच्या डोंगरावरून सकाळी जी गार हवा खाली उतरते तिने यंदा माझे गुडघे धरलेत. वखारीवर जायला उशीर होतो. माणसं म्हणतात, शेठ, तुम्ही बसा, आम्ही बघतो. गवताच्या गंज्या रचणारा हमाल होतो मी. आता त्याच गवताच्या गाठी मुंबईच्या तबेल्यांना माझ्या नावाने जातात, आणि मला बसा म्हणणारी माणसं मीच पगारावर ठेवलेली आहेत. तर बसलोय. आणि बसलं की तू आठवतोस, कारण नुसतं बसणं तुला जेवढं जड गेलं तेवढं दुसऱ्या कुणाला गेलेलं मी पाहिलं नाही.

घाट चढायच्या आधी कर्जतला गाडीला मागून दुसरं इंजिन लावतात. त्याची साखळी अडकवणं हे तुझं काम. मी तिथेच मालधक्क्यावर ओझी वाहायचो आणि तुला पाहण्यापेक्षा ऐकायचोच जास्त. आधी बफरांचा धक्का, मग साखळीचा खणखणाट, मग तुझी आरोळी, मग शिट्टी. हा क्रम कानात असा बसला होता की दसऱ्यानंतरच्या त्या दुपारी धक्का ऐकू आला आणि साखळीच्या आधीच आरोळी आली, तेव्हा मी पाठीवरची गोणी टाकून धावत सुटलो. बाकीच्यांना अजून काही कळलंच नव्हतं. तुझ्या उजव्या हाताची मधली तिन्ही बोटं गेली. अंगठा राहिला आणि करंगळी राहिली, खेकड्याच्या नांगीसारखी. हे खेकड्याचं तूच म्हणायचास, हसून. पण कुणी ओट्यावर आलं की तो हात उपरण्याखाली जायचा.

माझ्या पाठच्या धाकटीचं लग्न माघात ठरलेलं होतं, खालापूरकडच्या घरी. भावकीतली म्हातारी माणसं आली, तंबाखू मळून झाली, आणि त्यातला एकजण तुझ्याकडे न बघता म्हणाला, "कन्यादान चुलत्याच्या हातून करावं. बापाचा उजवा धड नाय, पाणी सोडायचं कशानं?" तू "बरं" म्हणालास. तेवढंच. ती माणसं गेल्यावर आईने विचारलं, "तुमी काय बोलला का नाय?" तर तू म्हणालास, "काय बोलू गं? नांगर धरता येत नाय, मांडवाचा खांब पुरता येत नाय. पाणी सोडायचा मान तेवढा राह्यला होता, तो बी गेला." त्या दिवसापासून तू भिंतीकडे तोंड करून निजायला लागलास, दिवसाउजेडी.

आणि मग ती गोरी मडम आली. ज्याच्या इंजिनाची साखळी तू अडकवायचास त्या ड्रायव्हरची बायको, बंगलीतून चालत, हातात कापडी पिशवी. आई लगबगीने पदर सावरत उभी राहिली. मडम आपल्या मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाली, "एक हाथ अच्छा है ना? तो रोता काहे को?" पिशवीतून लाल-पांढरी लोकर काढली आणि टोकाला आकडी असलेली एक हाडाची बारीक सुई. ती त्याला क्रोशे म्हणायची, आई आकडी म्हणायला लागली. मडम तुझ्यासमोर पाटावर बसली, ती उजव्या हाताने करी आणि तू आरशात बघितल्यासारखा डाव्याने. लोकर अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत, आकडी डाव्या हातात. पहिल्या दिवशी नुसती साखळी घातलीस, वीतभर. ती बघून तू अपघातानंतर पहिल्यांदा मोकळेपणी हसलास. म्हणालास, "जल्मभर साखळ्याच अडकवतोय. ही बरी. ही बोट खात नाय."

ती गेल्यावर आई म्हणाली, "अगो बाई, आता पुरुषमाणसानं लोकर विणायची? लोक काय म्हणतील!" पण दुसऱ्या दिवशी उन्हात खळ्यावर तुझ्यासाठी घोंगडी तिनेच अंथरली.

बा, त्या थंडीइतकी सुखाची थंडी आपल्या घराने पुन्हा पाहिली नाही, आणि ती आली तुझी बोटं गेल्यावर, हे कसं ते मला अजून उमगलेलं नाही. भात झोडून झालेलं. खळ्यावर कोवळं ऊन. आई जुन्या लुगड्यांची गोधडी शिवतेय, दोरा दातांनी तोडतेय. धाकटी वाल सोलतेय आणि तुला चिडवतेय. मी कामावरून आलो की अंबाडीचा दोर वळायला बसतो. कोणी फार बोलत नाही. सुई कापडातून निघते तिचा एक आवाज, वालाची शेंग फुटते तिचा एक, आणि तुझ्या आकडीचा जवळजवळ नाहीच, पण मला येतो, लोकर हाडावरून सरकते तो. चुकलास की "हात् तिच्या" म्हणून टोक ओढायचास आणि सगळ्या फेऱ्या सरसर उसवून जायच्या. धाकटी किंचाळायची, "बा, सगळं गेलं की रं!" तू म्हणायचास, "गेलं कुठं? लोकर हितंच हाय." तिच्या हाती आकडी दिली की ती एवढा गुंता करायची की तो सोडवायला तुला संध्याकाळ लागायची. तिला नाहीच आलं ते कधी. मला आलं. तुझ्या शेजारी बसून शिकलो, समोर नाही, त्यामुळे माझ्याही हातात आकडी डाव्याच बाजूने आली. तू दटावलंस, "तुझा उजवा धड हाय नव्हं? त्यानं धर रं." नाही जमलं. अजून नाही जमत. जेवतो उजव्याने, सही उजव्याने, आणि आकडी धरली की डावा पुढे येतो.

पौषात तू तो रुमाल विणायला काढलास. लग्नात मुलीकडून जे रुखवत मांडतात, लाडू-करंज्या आणि मुलीच्या हातचं शिवणटिपण, त्यात ताटावर घालायला. मधोमध लाल चक्र, भोवती पांढरी फेरी, पुन्हा लाल, कडेला झालर. कितीदा उसवलास त्याला गणती नाही. एकदा मी म्हटलं, "बा, आता बरा झालाय, पुरे कर." तू मान वर न करता म्हणालास, "पाणी चुलता सोडंल. हे माझं." रुखवत मुलीच्या हातचंच असायचं, तेव्हा रुमाल तिनेच केला असं सांगायचं हे घरात न बोलताच ठरलं.

मांडवात तू सगळ्यात मागे, खांबाला टेकून बसला होतास, हात उपरण्यात. रुखवताभोवती बायकांची गर्दी. नवऱ्या मुलाची आत्या, जी माथेरानला साहेबाच्या बंगल्यात आया राहिलेली होती, तिने रुमाल उचलला. त्या मांडवात आकडीकाम कळणारी ती एकटीच. "कुणी केला?" आई म्हणाली, "पोरीनं." आत्याने रुमाल उलटा केला, सुलटा केला, अंगठा फेऱ्यांवरून फिरवला. मी ताशेवाल्यांच्या बाजूला होतो, तरी तिचं पुढचं वाक्य मला ऐकू आलं. "हे उलटं फिरलंय. डाव्या हाताचं हाय. पोर डावरी हाय काय तुमची?"

बांगड्यांचा आवाज थांबला. मग कुजबुज बायकांतून पुरुषांत गेली, वणवा गवतात जातो तशी. "डावरी?" "आधी सांगाया नको?" "देवाला निवद कंच्या हातानं दावणार?" मुलाचा बाप घसा खाकरून उठला आणि म्हणाला, "जरा थांबा. हे बघाया लागंल." आत्या म्हणाली, "त्यात काय बघायचं? आकडी आणा, चार टाके घालू दे पोरीला. दिसंलच." आईने माझ्याकडे बघितलं. धाकटीची मान खाली गेली. तिने आकडी धरली असती तर उजव्याने धरली असती आणि गुंता केला असता. मग डावरी नाही पण खोटारडी ठरली असती, आणि आपण सगळेच.

तू उठलास. मला वाटलं, पाणी प्यायला उठलास. माणसांतून वाट काढत आलास, रुखवतापाशी उभा राहिलास आणि उपरणं काढून खांद्यावर टाकलंस. चार महिने जो हात तू शेजाऱ्यालाही दाखवला नव्हतास तो भर मांडवात वर केलास. म्हणालास, "पोर उजवीच हाय. डावरा मी हाय. रुमाल मी केला."

मग मागून कुणीतरी, आपल्याच गावचा, म्हणाला, "आरं, हा तर मडम झाला की!" आणि मांडव हसला. मुलाचा बाप हसला, त्याच्या मनावरचं ओझं उतरलं होतं. भटजी हसले. ताशा सुरू झाला. तूही हसलास, बा, ते मला सगळ्यात जास्त लागलं. लग्न लागलं. पाणी चुलत्याने सोडलं. तेव्हा तू कुठे होतास मला माहीत नाही, मी शोधलं तर गोठ्याकडून आलास.

एक गोष्ट तुझ्या कानावर गेली नसेल. इंजिनांच्या शिट्ट्यांनी तुझे कान तेव्हाच अर्धे गेले होते. सगळे हसत होते तेव्हा आत्या हसली नाही. तिने रुमाल चौघडी घालून पुन्हा ताटावर ठेवला आणि स्वतःशीच म्हणाली, "दोन बोटांवर एवढं? माझ्या धाई बोटांनी नसतं झालं." मला तेव्हा वाटायचं, तूही ऐकलं असशील, म्हणून कधी सांगितलं नाही.

'मडम' हे नाव राहिलं. "काय मडम, आज काय विणताय?" तू हसून उत्तर द्यायचास. पुढच्या थंडीत धाकटीला दिवस गेले आणि तू बाळासाठी कानटोपी विणायला घेतलीस, टाळूपासून सुरू करून, कानांपर्यंत यायची होती. एक दिवस नाक्यावरचे दोघे ओट्यावर डोकावले, काही म्हणालेही नाहीत, नुसते एकमेकांकडे बघून हसले. तू टोपी मांडीखाली सारलीस. धाकटी बाळंतपणाला आली आणि म्हणाली, "बा, माझ्या बाळाची टोपी?" तू म्हणालास, "बाजारात मिळतात गं." त्यानंतर खळ्यावर घोंगडी अंथरली गेली नाही. दोन थंड्या तू भिंतीकडे बघत काढल्यास आणि तिसरी यायच्या आधी तापाने गेलास. छप्पर शाकारायला काढलं तेव्हा आढ्याच्या फटीत आकडी सापडली, अर्ध्या टोपीत खुपसलेली, धुराने काळवंडलेली. टोक तू सोडलेलं नव्हतंस. गाठ मारून बंद केलं होतंस, उसवू नये म्हणून.

यंदा मला नातू झाला. मी ती टोपी काढली, रिठ्यात धुतली, गाठ सोडली आणि पुण्याहून आणलेली लाल लोकर जोडली. डाव्याच हाताने, म्हणजे फेरी तुझ्याच दिशेने पुढे गेली. कुठे तू संपलास आणि कुठे मी लागलो ते रंगात किंचित दिसतं, टाक्यात दिसत नाही. खोलीची कडी लावून करतो. घरातली सगळी पावलं मी ओळखतो, सूनबाईचं जोडवं जिन्याच्या तळाशी वाजलं की टोपी उशीखाली जाते. ज्याच्यासमोर तालुक्यात कुणाची हसायची टाप नाही तो माणूस, बा.

काल पुरी झाली. सूनबाईने बाळाच्या डोक्यावर घातली. तुझ्या फेऱ्या टाळूवर, माझ्या कानांवर. नीट बसली. तिने ती हाताने चाचपली आणि विचारलं, "मामंजी, किती सुबक आहे हो! कुणी केली?"

मी म्हणालो, "बाजारात मिळतात अशा."