एसीचं बटण

१२ मार्च २००७, सोमवार. पोलादपूर

पुण्याच्या मेकॅनिकने आज गाडीला लॅपटॉप लावून इंजिनाच्या कम्प्युटरचं सेटिंग बदलून दाखवलं. आवडलं तर अठरा हजार, नवे शॉकअप बसवायचे बारा वेगळे. आंबेनळीच्या चढाला गाडी खरंच पळाली, मी खूश. जाताना त्याने सेटिंग पहिल्यासारखं केलं, पैसे आणले की कायमचं करतो म्हणाला.

मग संध्याकाळी आठवलं. चढ लागताच त्याने हात घालून एसी बंद केला होता. "काच उघडा शेठ, इंजिनाचा आवाज ऐका." आवाजासाठीच केला असेल ना? राहवेना. एकटाच परत गेलो, एसी बंद करून तोच चढ चढलो. सेटिंग जुनंच, तरी गाडी तशीच पळाली!

घरी येऊन बायकोला, रझियाला सांगितलं. ती म्हणाली, "कम्प्युटर ऱ्हाऊ दे, आधी शॉकअप बदला. खड्ड्यांनी माझी कंबर गेली हाय." शॉकअपचे बारा ठेवतो, पण काम महाडातच करीन. मग तिने विचारलं, "पण ही बटणाची लबाडी तुमच्या ध्यानात आली कशी?"

"जेवायला वाढ," एवढंच म्हणालो. जुनी जीप विकताना बिरवाडीच्या गिऱ्हाइकाला मी नुसत्या उतारावरच फिरवलं होतं.