माळावर उभं केलेलं तुमच्या नावाचं अरण्य

मॅडम,

चाकणच्या पलीकडच्या त्या माळावर आता तुमच्या नावाचं अरण्य आहे. म्हणजे कमानीवर तुमचं नाव आहे आणि त्याखाली अरण्य असं लिहिलं आहे. आत मुरमात खड्डे घेऊन ओळीनं लावलेली रोपं आहेत, ती टँकरच्या पाण्यावर तगून आहेत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझ्या आजच्या विद्यार्थ्यांना तुम्ही फक्त माझ्या बोलण्यातून माहीत आहात. आणि ज्यांना तुम्ही अजिबात माहीत नव्हतात, त्यांनी तुमचं नाव घेऊन नेमकं तेच उभं केलं ज्याच्याविरुद्ध तुम्ही जन्मभर बोललात. मला किळस आली आहे. हा शब्द मी विचार करून लिहिते आहे, कारण तुम्ही स्वतः तो फार जपून वापरायचात.

तुमच्या निगडीच्या घरातलं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाणी नसलं की आपण तळ्यातला गाळ तुमच्या घरी घेऊन जायचो. ओट्याच्या एका टोकाला कुकर, दुसऱ्या टोकाला पातेल्यांत भिजत घातलेला काळा चिखल, आणि तुम्ही पदर खोचून तो बारीक जाळीतून धुताय. तुमची मुलगी तेव्हा शाळेत होती. ती वरणभाताचं ताट उचलून नाक दाबत बाहेरच्या खोलीत जाऊन बसते. मीही नाक मुरडलं असणार, कारण माझ्याकडे न बघताच तुम्ही म्हणालात, "वास येतो म्हणजे घाण असते असं नाही गं. कुजलेली पानं आहेत ती. घाण माणूस करतो." माझे वडील लातूरकडून येऊन पिंपरीत एका कारखान्यात लागलेले. त्यांच्या कपड्यांना ऑइलचा वास यायचा आणि कॉलेजातली कुणी मैत्रीण घरी आली की मला त्या वासाची लाज वाटायची. तुम्ही बोललात ते गाळाबद्दल, पण ते वाक्य मी घरी घेऊन गेले, आणि त्या दिवसापासून वडिलांचा शर्ट दोरीवर वाळत घालताना मी कधी तोंड फिरवलं नाही.

तळ्याचा गाळ थराथरानं साचतो, खालचा थर जुना, वरचा नवा, आणि प्रत्येक थरात त्या त्या काळी आसपास जे उगवत होतं त्याचे परागकण अडकून राहतात, हे तुम्ही पहिल्याच तासाला सांगितलं होतं. आपण त्याच माळावरच्या जुन्या तळ्यात पाइप ठोकला, वर काढला, आणि महिनोन्‌महिने सूक्ष्मदर्शकाखाली ते कण मोजत बसलो. शेवटी मी माझ्या प्रकल्पात लिहिलं, "या माळावर प्राचीन काळी घनदाट अरण्य असावे." मला ते वाक्य फार आवडलं होतं. तुम्ही ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलंत आणि विचारलंत, "कशावरून?"

"झाडांचे परागकण मिळाले, मॅडम."

"आणि गवताचे?"

गवताच्या कणांनी काचपट्ट्या भरून गेल्या होत्या. तुम्ही उठून खिडकी उघडलीत. "वारा कुठून येतो आपल्याकडे? पश्चिमेकडून. घाटातली झाडं त्याच्याबरोबर परागकण पाठवतात. पाहुणे आहेत ते. पाहुण्यांना घराचे मालक करून ठेवू नकोस. आणि झाडं नाहीत म्हणजे जमीन उजाड, हे आधी डोक्यातून काढ. माळ हा माळच असतो, तो मोडलेलं जंगल नसतो." मी रडले नाही, पण त्या दिवशी डबा खाल्ला नाही. नंतर परीक्षा संपल्यावर तुम्ही मला एक लाकडी पेटी दिलीत. माळावरच्या गवतांचे, बोरी-बाभळींचे, हिवराचे, तळ्यातल्या लव्हाळ्यांचे परागकण तुम्ही स्वतः गोळा करून काचपट्ट्यांवर बसवले होते. गाळातला कण कुठल्या झाडाचा हे ओळखायला मी अजूनही तीच पेटी उघडते. बाजारात याहून चांगल्या मिळतात, पण त्यांत आपला माळ नसतो.

गेल्या वर्षी चाकणच्या पट्ट्यातल्या एका कंपनीचा मॅनेजर कॉलेजात आला. सामाजिक कामाचं खातं बघणारा, तरुण, बोलायला गोड, मारुंजीत भाड्यानं राहणारा. म्हणाला, "मॅडम, त्या माळावर आम्हाला निसर्ग उभा करायचाय. पण उगाच नाही, शास्त्रीय पद्धतीनं. पूर्वी तिथं काय होतं ते तुम्ही शोधून सांगा, आम्ही तेच लावू." माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत असं विचारत कुणी आलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी त्याला चहा पाजून तुमच्याबद्दल भरभरून सांगत बसले. या तळ्याला पहिल्यांदा हात कुणी घातला, कसा घातला, माझं अरण्याचं वाक्य तुम्ही कसं खोडलंत, सगळं. तो मोबाइलवर टिपून घेत होता.

आम्ही पुन्हा त्याच तळ्यात पाइप घातला. वर आलेल्या गाळाचा पहिला हातभर थर बघून माझे विद्यार्थी मागं सरकले. काळा, बुळबुळीत, वर तेलाचे रंग तरंगताहेत, मध्ये प्लास्टिकच्या चिंध्या. हातमोज्यातून आत शिरलेला तो वास साबणानं दोन दोनदा धुऊनही जाईना. मॅडम, या वासात पानं नव्हती. त्याच्याखाली मात्र करडा, घट्ट, स्वच्छ गाळ लागला आणि मला तुमच्या ओट्याची आठवण आली. सूक्ष्मदर्शकाखाली सगळं पुन्हा तसंच दिसलं. गवत, गवत आणि गवत. काठाची लव्हाळी. वणव्यातल्या कोळशाचे बारीक तुकडे. शेणावर वाढणाऱ्या बुरशीचे बीजाणू, म्हणजे चरणारी जनावरं तेव्हाही होती. अगदी खालच्या थरांत पाणवनस्पती जास्त, ओढ्याकाठची झाडंही थोडी जास्त, म्हणजे त्या काळी पाऊस बरा असावा. वर येता येता कोरडेपणा वाढत गेला. पण गवत कुठल्याच थरात हटलं नव्हतं. वय काढायला पाठवलेल्या नमुन्यांनी सांगितलं की हे हजारो वर्षांचं आहे. मी अहवालात ते सरळ लिहिलं आणि घाटातून आलेल्या पाहुण्यांचाही उल्लेख केला.

मॅनेजरचा फोन आला. "मॅडम, अहवालात जंगल कुठं दिसलं नाही."

"कारण जंगल नव्हतं."

"झाडांचे कण सापडले असं तुम्हीच लिहिलंय की."

"ते वाऱ्यानं आलेले आहेत, हेही तिथंच लिहिलंय."

तो हसला. "गवतावर फीत कशी कापायची, मॅडम? मी वर काय दाखवू?"

"फीत कापू नका. माळ आहे तसा राखा. आणि तळ्यात येणारं सांडपाणी तेवढं थांबवा."

तो म्हणाला, "ते माझ्या हातात नाही." ते पाणी कुठून येतं हे त्याला माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि दोघांनाही माहीत आहे हे आम्हा दोघांनाही कळलं.

त्यानंतर एकदम निमंत्रणपत्रिकाच आली. वर तुमचं नाव, खाली स्मृती अरण्य. तुमच्या मुलीनं परदेशातून संमती दिली होती आणि ती स्वतः येणार होती. मी फोन करत राहिले, मॅनेजर उचलेना. कार्यक्रमाच्या सकाळी मी लवकर गेले. माळ ओळखू येत नव्हता. जेसीबीनं कुसळी गवत मुळासकट खरवडून कडेला ढीग घातले होते. जमिनीवर घरटी करणारे चंडोल आपल्याला तिथं नेहमी दिसायचे. एकही नव्हता. तारेच्या कुंपणाबाहेर एक बाई शेरडं घेऊन उभी होती. मी तिला विचारलं, इथंच चारता का? "चारायचो," ती म्हणाली. "आता वाचमन आत सोडीत न्हाई. जंगल करत्यात म्हणं. आमी आता शेरडं न्यायची कुठं?" आणि कमानीच्या आत भला मोठा फलक. चित्रात हत्ती, वेली, धबधबा. खाली लिहिलेलं, परागकणांच्या शास्त्रीय अभ्यासातून सिद्ध झालेले प्राचीन घनदाट अरण्य. माझंच वाक्य, मॅडम. जे तुम्ही खोडलं होतंत ते. त्याखाली प्रेरणा म्हणून तुमचं नाव आणि मार्गदर्शक म्हणून माझं.

मला दोन शब्द बोलायला बोलावलं तेव्हा मी बोलले. फलकावर लिहिलंय ते खोटं आहे, इथं गवत होतं, ते आत्ता कडेला ढीग होऊन पडलेलं आहे, ज्या बाईंचं नाव तुम्ही दिलंय त्यांनी आयुष्यभर हेच शिकवलं, आणि तळ्यातला वरचा थर एकदा सगळ्यांनी हातात घेऊन बघावा. आवाज चढवला नाही. बोलून झाल्यावर मला वाटलं आता कुणीतरी उठेल, वाद घालेल, मला खाली बसवेल. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून. मॅनेजर माइकवर म्हणाला, "मॅडमनी फार मोलाची माहिती दिली. गवतसुद्धा तितकंच महत्त्वाचं असतं." आणि माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. मग रोपं लावली, फोटो झाले. खोटं बोलणाऱ्या माणसाशी भांडता येतं. पण जो आपलं खरं ऐकून घेतो, त्या खऱ्यालाच शाल पांघरतो आणि पुढच्या कार्यक्रमाकडे वळतो, त्याचं काय करायचं? तुम्ही हे शिकवलं नाहीत. तुमच्या वेळी बहुधा असे लोक नव्हते, किंवा तुम्ही त्यांना घरात घेत नव्हतात.

तुमची मुलगी माझ्याकडे आली. हनुवटी अगदी तुमची. मला वाटलं ती रागावेल, पण ती दमल्यासारखी दिसत होती. "हे आजच बोलायला हवं होतं का तुम्ही?" तिनं विचारलं.

"आधी कुणी ऐकलं नाही म्हणून आज बोलले. तुम्हाला हे माहीत नव्हतं?"

"मला आईचं काम कधीच कळलं नाही. घरात कायम चिखल असायचा. ती तुमच्याशी तासन्‌तास बोलायची. मी दाराशी यायचे आणि परत जायचे." तिनं कमानीकडे बघितलं. "कुणीतरी फोन करून म्हणालं, तुमच्या आईच्या नावानं झाडं लावतोय. मी लगेच हो म्हटलं. तिच्यासाठी मी केलेली ही एकच गोष्ट आहे."

मी खांद्यावरची शाल काढून तिची घडी केली. मग तीच म्हणाली, "खोटं लिहिलं असेल तर ते बदलायला लावा. मी सही करते हवी तर. पण नाव राहू द्या तिचं."

आम्ही दोघींनी मिळून कंपनीला पत्र दिलं. बऱ्याच तगाद्यानंतर फलक बदलला. माझं नाव गेलं, ते मीच काढायला सांगितलं होतं. घनदाट अरण्याच्या जागी आता समृद्ध निसर्ग असं लिहिलंय. म्हणजे काहीच लिहिलेलं नाही. हत्ती तसाच आहे. पावसात खड्ड्यांच्या मधल्या जागेत कुसळी पुन्हा वर आली, तर ठेकेदाराच्या माणसांनी तण म्हणून मशीननं कापून काढली. तळ्यात पाणी येतं ते येतंच आहे. कुंपणापलीकडं माळाचा एक तुकडा अजून सुटलेला आहे, मी आता मुलांना तिकडं घेऊन जाते. ती बाई शेरडं घेऊन तिथंच असते. तुम्ही आम्हाला जसं गुडघ्यांवर बसवून गवत ओळखायला लावायचात, तसं मी त्यांना बसवते. मुलांना आधी कंटाळा येतो. मग एखादी पोर मान वर न करता दुसऱ्या पात्याकडे सरकते, आणि मला तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

हे पत्र तुमच्या मुलीला पाठवावं असं मध्ये वाटलं होतं. नाही पाठवणार. तिला तिच्या आईचं एवढं एक सोपं काहीतरी मिळालं आहे, ते मी चिखलात घालणार नाही. कमानीवरचं नाव मी तिच्याचसाठी राहू दिलं, असं मी सगळ्यांना सांगते. पण तुमच्यापाशी खोटं लिहायला हात होत नाही. चाकणहून परतताना गाडी वळण घेते तिथून ती कमान दिसते, आणि एवढ्या मोठ्या अक्षरांत तुमचं नाव लांबून वाचता येतं. मी दर वेळी खिडकीची जागा धरून बसते.